धूळ कुणाच्या छातीत जाते?

मुंबईची हवा बिघडली की वर्तमानपत्रांत मथळे येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये असेच झाले. मुंबई महापालिकेने घाईघाईने बांधकामांसाठी नियमावली काढली आणि त्याच सुमारास उच्च न्यायालयानेही हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली. भूखंडाच्या आकारानुसार बांधकामाभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे लावा, इमारतीला हिरवे कापड गुंडाळा, पाणी मारत राहा, असे नियम झाले. नियम चांगलेच आहेत. कामगारांना मास्क, गॉगल आणि हेल्मेट द्यावे असेही त्यात म्हटले आहे. परंतु पत्रे लागले की नाही हे रस्त्यावरून दिसते, मास्क दिले की नाही हे मात्र पत्र्याच्या आतच राहते. ३५ फुटांच्या पत्र्यामुळे धूळ शेजारच्या सोसायटीत जात नाही. मग ती जाते कुठे? ती आतच घुमत राहते आणि आत आपला माणूस काम करीत असतो.

बांधकामाच्या धुळीची चर्चा ती मध्यमवर्गाच्या गॅलरीत पोहोचल्यावर सुरू झाली. त्याआधी कितीतरी वर्षे ती कामगाराच्या छातीत जातच होती. तेव्हा तिची बातमी झाली नाही.

सकाळी आठ वाजता मुंबईच्या नाक्यावर, पुण्याच्या मजूर अड्ड्यावर किंवा नागपूरच्या ठिय्यावर जाऊन पाहा. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले भूमिहीन तिथे उभे असतात. आदिवासी असतात, भटके-विमुक्त असतात, उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर असतात. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-बापांनी दुष्काळी कामांवर हातोड्याने खडी फोडली. आज त्यांच्या नातवांच्या हातात ग्राइंडर आहे, मार्बल कटर आहे, भिंत फोडायचा ब्रेकर आहे. हातोडा गेला आणि यंत्र आले, याला प्रगती म्हणायला आमची हरकत नाही. पण हातोड्याने दगड फुटायचा, यंत्राने त्याचे पीठ होते. हे पीठ श्वासातून आत जाते. त्याचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून तो इथे मांडणे भाग आहे.

ही धूळ साधी नाही

वाळू, दगड, वीट, काँक्रीट, लादी या सर्वांत सिलिका नावाचे खनिज असते. संगमरवरात ते अगदी कमी, ग्रॅनाइटमध्ये बरेच जास्त आणि स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी हल्ली जो कृत्रिम क्वार्ट्झ दगड बसवतात त्यात तर ९० टक्क्यांपर्यंत असू शकते. दगड कापला की या सिलिकाची धूळ उडते. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात, घशात अडकते आणि खोकल्याबरोबर बाहेर पडते. खरी मारक धूळ दिसतच नाही. माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही तिचा कण बारीक असतो. तो थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. शरीराला तो पचवता येत नाही, बाहेर टाकता येत नाही. मग त्याच्याभोवती व्रण तयार होतात, फुप्फुस हळूहळू कडक होत जाते आणि जिना चढताना दम लागू लागतो. या रोगाचे नाव सिलिकोसिस. तो बहुधा दहा-पंधरा वर्षांनी उघडा पडतो. धूळ फारच असेल तर पाच वर्षांच्या आतही गाठतो. झालेले नुकसान भरून काढणारे औषध आजही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच ही धूळ कर्करोगकारक ठरवली आहे.

किती धूळ पुरते? अमेरिकेने २०१६ साली नियम केला की आठ तासांच्या पाळीत एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅमहून अधिक सिलिका असू नये. जड काम करणारा माणूस आठ तासांत साधारण १० घनमीटर हवा ओढतो. म्हणजे दिवसभरात अर्धा मिलिग्रॅम. खाण्याच्या मिठाचे आठ-दहा कण घ्या, एवढेच ते वजन. बंद खोलीत कोरडी लादी कापणारा कामगार ही मर्यादा दिवस संपण्याच्या कितीतरी आधी ओलांडतो.

आणखी एक गोष्ट आपल्या वस्त्यांतून वारंवार दिसते. कामगाराला खोकला होतो, वजन उतरते, दवाखान्यात एक्स-रे काढतात आणि टीबी म्हणून गोळ्या सुरू होतात. कधी तो खरोखर टीबी असतो, कारण सिलिकाने पोखरलेल्या फुप्फुसाला टीबी लवकर धरतो. कधी तो टीबी नसतोच. गोळ्यांचा कोर्स पूर्ण होतो, पण दम तसाच राहतो. डॉक्टर कामाचे विचारत नाहीत आणि रुग्णही सांगत नाही. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, खोकला घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येक लादीवाल्याने, गवंड्याने, बिगाऱ्याने, रेजाने डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, "मी इतकी वर्षे दगड-लादी कापण्याच्या धुळीत काम करतो." आणि हे केसपेपरवर लिहून घ्यावे. या एका ओळीचे मोल पुढे कळेल.

मरणाऱ्यांची ओळख

हा आजार नवा नाही आणि तो टाळण्याची रीतही नवी नाही. १९३०-३१ साली अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट येथे जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगरातून बोगदा खोदला गेला. खडक सिलिकाने भरलेला होता. पाणी सोडून खोदले तर धूळ बसते, हे तेव्हाही माहीत होते. पण कोरडे खोदकाम वेगाने होते, म्हणून कोरडेच खोदले. पाहणीला येणारे अधिकारी तोंडाला मास्क लावून येत, मजुरांना मात्र मास्क नव्हते. आत राबणाऱ्यांत बहुसंख्य काळे मजूर होते. १९३६ साली अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे मृतांचा आकडा ४७६ सांगितला गेला. पुढे झालेल्या संशोधनाने तो ७६४ पर्यंत नेला.

आपल्याकडे मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, धार भागातले आदिवासी गुजरातच्या गोध्रा परिसरात क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि छातीत मरण घेऊन गावी परतले. त्यांतील २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली गुजरात सरकारला द्यावा लागला. राजस्थानात दगडखाणींतील कामगारांनी आणि संघटनांनी लढा दिला, तेव्हा २०१९ मध्ये त्या राज्याने सिलिकोसिसचे धोरण आणले. प्रमाणित रुग्णाला ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख अशी मदत त्यात आहे. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून कृत्रिम क्वार्ट्झ दगडावरच बंदी घातली.

तिकडे काळा, इकडे आदिवासी आणि दलित. धूळ जात विचारत नाही असे कुणी म्हणेल. धूळ विचारत नसेल, पण धुळीत कुणाला उभे करायचे आणि मास्क कुणाला द्यायचा हे ठरवणारी व्यवस्था जरूर विचारते.

यंत्र हातात घेण्यापूर्वी

आता कामाचे बोलू. हा भाग कापून ठेवावा आणि नाक्यावर वाचून दाखवावा, अशी आमची अपेक्षा आहे.

ग्राइंडरची चकती झाकणारे गार्ड हे शोभेसाठी नसते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेतो. म्हणजे चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते. गार्ड काढून त्यावर सात इंची चकती चढवली की हाच वेग साडेतीनशेच्या पुढे जातो. एवढ्या वेगासाठी ती चकती बनवलेलीच नसते. ती फुटली की तिचे तुकडे तोंडात, गळ्यात, पोटात घुसतात. चकतीवर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो यंत्रावरच्या आकड्यापेक्षा जास्तच असला पाहिजे. लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरला कधीही लावू नये. ते लाकडात अडकले की यंत्र उसळून अंगावर येते.

नवी चकती लावण्यापूर्वी प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. तडा गेलेली किंवा ओली होऊन फुगलेली चकती फेकून द्यावी. चकती बसवल्यावर यंत्र अंगापासून दूर धरून मिनिटभर मोकळे फिरवावे. काम करताना चकतीच्या रेषेत उभे राहू नये, बाजूला राहावे. दोन्ही हातांनी धरावे, बाजूची मूठ काढू नये. गमछा, ओढणी, पदर, सैल बाही आणि ड्रिल मशीन यांचे वैर आहे. फिरत्या ड्रिलजवळ सैल हातमोजेही नकोत, ते बोटांसकट ओढले जातात. डोळ्यांवर गॉगल हवाच. कानांसाठी बोळे हवेत, कारण ग्राइंडरचा आवाज वर्षानुवर्षे ऐकून आलेला बहिरेपणा परत जात नाही.

विजेचे तर विचारू नका. प्लग तुटलेला, दोन उघड्या तारा सॉकेटमध्ये काड्यापेटीच्या काड्या खोचून अडकवलेल्या, हे दृश्य कोणत्या साइटवर दिसत नाही? वर खाली पाणी सांडलेले. करंट गळला की तत्क्षणी वीज तोडणारे उपकरण बाजारात आरसीसीबी किंवा ईएलसीबी या नावाने मिळते. ३० मिलिअँपिअरचे असे उपकरण बसवलेला एक्स्टेंशन बोर्ड ठेकेदाराने दिलाच पाहिजे. तो नसेल तर यंत्र पाण्याजवळ चालवू नये.

धुळीचा क्रम लक्षात ठेवावा. पहिली गोष्ट, धूळ होऊच देऊ नये. लादी सरळ रेषेत कापायची असेल तर हाताने ओढायचा टाइल कटर वापरावा. रेघ मारायची आणि मोडायची. त्यात धूळ जवळजवळ होतच नाही आणि वीजही लागत नाही. दुसरी गोष्ट, यंत्र लागलेच तर पाणी सोडण्याची सोय असलेला कटर, वर सांगितलेल्या बोर्डासह. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतू नये, धूळ बसेल पण शॉक लागेल. कापण्याचे काम खोलीत करू नये, गच्चीवर किंवा मोकळ्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून करावे. तिसरी गोष्ट मास्क. रुमाल, गमछा, कापडी मास्क यांतून बारीक सिलिका सरळ आत जाते. कोरोनाने एन-९५ हे नाव सर्वांना शिकवले आहे. तोच, किंवा भारतीय मानकाचा एफएफपी-२ दर्जाचा मास्क हवा. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी वाढलेली असेल तर फटीतून धूळ जाते. मास्क सर्वांत शेवटी का सांगितला? कारण ठेकेदार एक मास्क देऊन मोकळा होतो आणि पाण्याची, जागेची, यंत्राची जबाबदारी झटकतो.

काम संपल्यावर कोरडा झाडू मारू नये, पाणी शिंपडून झाडावे. कपडे झटकू नयेत. झटकलेली धूळ पुन्हा श्वासात येते. शक्य असेल तिथे हात-तोंड धुऊन, कपडे बदलूनच घरी जावे. आणि साइटवर वाळूच्या ढिगाशेजारी झोपवलेल्या लेकराला कापण्याच्या जागेपासून दूर ठेवावे. त्याचे फुप्फुस आपल्यापेक्षा कोवळे आहे.

कायदा दहावर सुरू होतो

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला. देशात चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि हा कायदा त्यांत विलीन झाला. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, कामगाराला नियुक्तिपत्र दिले पाहिजे, ठरावीक वयानंतर दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी झाली पाहिजे, असे नवी संहिता सांगते. वाचायला छान आहे. पण जुन्या कायद्यात जी मेख होती ती नव्यातही आहे. बांधकामाचे हे संरक्षण दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कामाला लागू होते. फ्लॅटमधली लादी बदलायला किती कामगार येतात? एक मिस्त्री, एक हेल्पर आणि एक गोणी वाहणारा. तीन. सर्वाधिक बंद जागेत, सर्वाधिक कोरडी धूळ खाणारा हा माणूस कायद्याच्या दाराबाहेर उभा आहे.

तो पूर्णपणे निराधार मात्र नाही. सिलिकोसिस हा व्यवसायजन्य रोग म्हणून १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत होता. ती तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. एक मजल्याहून उंच इमारतीच्या बांधकाम-दुरुस्तीत राबणाऱ्याला भरपाई मागण्यासाठी दहा कामगारांची अट लागत नाही. १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग मानला आहे. घटनेचे कलम ३९ आणि ४२ तर डोळ्यांसमोर आहेतच.

अडते कुठे? पुराव्यावर. या रोगाच्या दाव्यात कामगाराने किती वर्षे, कुणाकुणाकडे, कोणत्या धुळीत काम केले हे दाखवावे लागते. नाक्यावरच्या माणसाने वीस वर्षांत दोनशे ठेकेदारांकडे काम केलेले असते आणि कागद एकाचाही नसतो. दावा कोर्टात हरण्यापूर्वी नाक्यावरच हरलेला असतो. म्हणून एक साधी वही ठेवा. तारीख, जागेचा पत्ता, ठेकेदाराचे नाव आणि मोबाइल, कामाचा प्रकार. मजुरी फोनवरून आली असेल तर तो व्यवहार पुसू नका, तो पुरावा आहे. यंत्रासह कामाच्या जागेचा फोटो काढा. ई-श्रम कार्ड काढा. ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळवून कल्याणकारी मंडळात नोंदणी करा आणि तिचे नूतनीकरण चुकवू नका. रोगाचे निदान होताच थांबू नका, कारण दाव्याला मुदत असते. आणि तो केसपेपर, ज्यावर डॉक्टरांनी तुमचे काम लिहिले, तो जपून ठेवा.

मालक आपणही आहोत

डिसेंबर १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर खात्याचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर धनबादच्या कोळसा खाणींच्या पाहणीला गेले होते. मंत्र्याने दिल्लीत अहवाल मागवला असता तरी चालले असते. पण ते स्वतः जमिनीखाली उतरले, कामगार जिथे राबतो ती जागा पाहिली. पुढच्याच वर्षी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कामगाराच्या कामाची जागा पाहिल्याशिवाय त्याच्या हिताचे बोलू नये, हा यातला धडा आहे.

आज आपल्या समाजातला एक वर्ग नोकरीत स्थिरावला आहे. त्याने फ्लॅट घेतले, बंगले बांधले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण वास्तुशांती नाकारून घरात बुद्धवंदना घेणारे आपण त्याच घराची लादी कापणाऱ्याला कोरड्या धुळीत बसवतो. चार दिवसांत काम उरक म्हणून मिस्त्रीच्या मागे लागतो आणि मजुरीत दोनशे रुपये कमी करून घेतो. तो आजूबाजूच्या वस्तीतला असतो, कित्येकदा आपल्याच गावाकडचा असतो. जिथे कायदा पोहोचत नाही तिथे घराचा मालकच कायदा असतो. काम ठरवतानाच ठेकेदाराला चार अटी सांगा: गार्ड असलेले यंत्र, आरसीसीबीचा बोर्ड, कापण्याचे काम मोकळ्या जागी किंवा पाण्याने, आणि प्रत्येकाला एन-९५. त्यासाठी एखादा दिवस आणि थोडे पैसे जास्त लागतील, तेवढे मोजा. ओट्याला क्वार्ट्झच हवा हा हट्ट सोडा.

जयंती मंडळांनाही सांगणे आहे. डीजेवर एका रात्रीत जेवढा पैसा जातो त्यात वस्तीतल्या लादीवाल्यांसाठी हाताने ओढायचे टाइल कटर, करंट तोडणारे बोर्ड आणि मास्क येतील. ते विहारात ठेवावेत. ज्याला कामावर न्यायचे त्याने सही करून न्यावेत आणि संध्याकाळी परत आणावेत. महिन्यातल्या एका रविवारी विहारात कामगारांच्या वह्या तपासाव्यात, मंडळाच्या नोंदणीचे अर्ज भरून द्यावेत. वकिलीची सनद असलेल्या आपल्या तरुणांनी त्या दिवशी दोन तास तिथे बसावे. फी न घेता बसावे. महाराष्ट्र सरकारकडे आपली मागणी एकच असावी: राजस्थानसारखे सिलिकोसिसचे धोरण इथेही आणा आणि बांधकामाच्या सुरक्षेची दहा कामगारांची अट काढून टाका.

नाक्यावर उभा असलेला माणूस दया मागत नाही. तो मजुरी मागतो आणि संध्याकाळी धडधाकट घरी जाण्याचा हक्क मागतो. पुढच्या वेळी तुमच्या इमारतीत ग्राइंडरचा आवाज आला तर दार लावून घेऊ नका. वर जा आणि पाहा, त्याच्या तोंडाला काय बांधलेले आहे. रुमाल असेल तर ठेकेदाराला तिथेच जाब विचारा.

जयभीम!